मिस पॅक-मॅनचे जुने आर्केड मशीन : किती डॉलर मोजावेत?

सांजवारा (एडिसन, न्यू जर्सी)

सर्वांना नमस्कार.

एखादे जुने आर्केड मशीन घरी आणावे असे गेली दोन वर्षे मनात आहे. आता खरोखरच एक मशीन समोर आले आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो. पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ एका गृहस्थांच्या तळघरात मिस पॅक-मॅनचे उभे मशीन आहे. पॅक-मॅन या चक्रव्यूहाच्या खेळाची ही पुढची आवृत्ती, मिडवे कंपनीचा १९८२ चा खेळ. नाणी टाकायचे दार, चार दिशांची जॉयस्टिक, उभी बसवलेली एकोणीस इंची पिक्चर ट्यूब हे सारे फोटोंत जागच्या जागी दिसते. गृहस्थ १,९०० डॉलर मागत आहेत आणि वर्णनात त्यांनी एवढेच लिहिले आहे की मशीन चालू आहे आणि सर्व काही मूळचे आहे.

भाव समजावा म्हणून सहा महिने मी एक वही ठेवली आहे. मागितलेले भाव टिपण्यात अर्थ नाही हे पहिल्याच महिन्यात कळले, कारण एकच मशीन त्याच भावाने तीन-तीन महिने जाहिरातीत पडून असते. म्हणून जाहिरात निघाल्यावर मी विक्रेत्याला नम्रपणे विचारू लागलो की मशीन शेवटी कितीला गेले, आणि बहुतेकांनी मोकळेपणाने सांगितले. ट्यूब नसलेले, बंद पडलेले एक मशीन ३५० डॉलरला गेले. चांगल्या स्थितीतली पाच चालू मशीने १,३५०, १,४५०, १,५००, १,६०० आणि १,७५० डॉलरला गेली. एका दुकानाने पूर्ण नवे रूप दिलेले मशीन २,४०० ला विकले. खेळ एक, साल एक, कंपनी एक, आणि तरीही भावात एवढे अंतर का पडते, हे मला अजून नीट उलगडलेले नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शाळेत असताना ठाण्यात स्टेशनजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी हा खेळ खेळलो आहे, आणि हातातले नाणे संपल्यावर दुसऱ्यांचा खेळ पाहत तासन्‌तास उभा राहिलो आहे. परवा बायकोने विचारले, "या पैशांतले मशीनचे किती आणि ठाण्याचे किती?" तो प्रश्न मला अगदी रास्त वाटला. त्याचे उत्तर आकड्यात देता यावे म्हणून हा धागा काढला आहे.

तांब्याचीतार (पिट्सबर्ग)

सांजवारा, मिळालेले भाव टिपलेत हे फार चांगले केलेत. माझे मत आधीच सांगतो : "चालू आहे" या शब्दांना भावात फार वजन देऊ नका. मी सांगलीत दहा वर्षे टीव्ही दुरुस्त केले आणि इथे आल्यापासून छंद म्हणून या मशीनांवर काम करतो. अनुभव असा आहे की यातले जे बंद पडते ते बहुधा दुरुस्त होते, आणि जे दुरुस्त होत नाही ते मशीन व्यवस्थित चालू असतानाही खराब असू शकते.

दुरुस्त होणाऱ्या भागांपासून सुरुवात करू. खेळाच्या बोर्डावर झेड-८० प्रोसेसर आहे, त्याच्याभोवतीच्या बहुतेक चिप आजही मिळतात आणि नामकोच्या (मूळ पॅक-मॅन बनवणारी जपानी कंपनी) खास भागांनाही नव्याने बनवलेले पर्याय आहेत. पॅक-मॅन घराण्याच्या बोर्डाला मात्र एक जन्मजात दुखणे आहे. तळाच्या ट्रान्सफॉर्मरमधून सात व्होल्टचा एसी प्रवाह सरळ बोर्डावर येतो आणि त्याचा पाच व्होल्टचा डीसी बोर्डावरच तयार होतो. हा सगळा प्रवाह कडेच्या कनेक्टरच्या मोजक्या पट्ट्यांतून जात असल्यामुळे त्या वर्षानुवर्षे तापतात, आधी तपकिरी होतात आणि शेवटी जळतात. मागची फळी उघडून तिथे काळेपणा दिसला, तर मशीन आज चालत असले तरी ते काम तुमच्या अंगावर येणार आहे असे धरा. ओळखीच्या माणसाकडून शंभर-सव्वाशे डॉलरांत ते होते.

मॉनिटरच्या चॅसिसचेही, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किटचेही, तसेच. कपॅसिटरांचा संच पंधरा-वीस डॉलरांत येतो. ट्यूबला उच्च दाब पुरवणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानात ईएचटी म्हणत, तोही मिळतो. चित्राच्या कडा डुलत असतील किंवा चित्र आकसलेले असेल तर घाबरू नका, मजुरीसकट दीडशे डॉलर बाजूला ठेवा.

खुद्द ट्यूबचे मात्र तसे नाही. या आकाराच्या ट्यूब आता कोणी बनवत नाही, त्यामुळे तिचा उजेड गेला किंवा तिच्यावर डाग बसला तर दुसऱ्या जुन्या मशीनमधून काढलेली ट्यूब शोधणे एवढाच मार्ग राहतो. यासाठी विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की तुम्ही पोहोचेपर्यंत मशीन बंद असू द्यावे. गेल्यावर मशीनच्या पाठीला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा आणि मग थंड मशीन सुरू होताना पाहा. मूळचा बोर्ड असेल तर क्षणभर पडदाभर वेडीवाकडी अक्षरे येतात, मग चौकोनांची जाळी चमकते आणि खेळ सुरू होतो. त्याऐवजी साठ खेळांची यादी उघडली तर आत स्वस्तातला नवा बोर्ड आहे हे समजा. त्यानंतर निदान चाळीस मिनिटे खेळा, कारण तापल्याशिवाय काही बिघाड तोंड दाखवत नाहीत.

शेवटी मशीन बंद करून, दिवे मालवून, टॉर्च तिरका धरून काच पाहा. वर्षानुवर्षे एकच चित्र दिसत राहिल्याने फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला चमकणारा थर, जळतो आणि चक्रव्यूहाच्या रेषा काचेत कायमच्या उमटतात. मूळ पॅक-मॅनमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चक्रव्यूह असतो, मिस पॅक-मॅनमध्ये चार असतात. म्हणून मिस पॅक-मॅनच्या ट्यूबवरचा डाग पुसट असतो आणि वरच्या गुणसंख्येच्या ओळी तेवढ्या ठळक दिसतात.

मागून आत हात मात्र घालू नका. ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही.

जुनीपेटी (शिकागो परिसर)

वरचा प्रतिसाद मोलाचा आहे. मी त्यात लाकडाची बाजू घालते, कारण ट्यूबइतकेच तेही परत मिळत नाही.

माझ्याकडे या काळातली चार मशीने आहेत आणि त्यांतल्या दोघांचा तळ मी स्वतः बदलला आहे. या कॅबिनेटांत पार्टिकल बोर्ड भरपूर वापरलेला असतो. त्याला पाणी लागले की तो फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. तळघरात ठेवलेले मशीन असेल तर गुडघे टेकून चारही कोपरे अंगठ्याने दाबून पाहा. कोपरा मऊ लागला, कडेची प्लास्टिकची पट्टी खोबणीतून सुटून बाहेर आलेली दिसली किंवा आतून ओलसर वास आला, तर खाली कधीतरी पाणी साचले होते.

आता "सर्व काही मूळचे" या शब्दांविषयी. त्या काळी मशीन चालवणाऱ्या धंदेवाल्यांनी हजारो पॅक-मॅन मशीनांचे मिस पॅक-मॅन केले, कारण जुन्या खेळाची नाणी कमी झाली की त्याच पेटीत नवा खेळ घालणे स्वस्त पडे. पॅक-मॅनची पेटी पिवळी असते, मिस पॅक-मॅनची निळी, आणि दोन्हींवरची चित्रे कारखान्यात स्टेन्सिल लावून रंगवलेली असत. कडेची पट्टी इंचभर बाजूला करून किंवा नाण्यांच्या दाराची चौकट आतून पाहून निळ्याखाली पिवळा रंग आहे का ते तपासा. बाजूच्या चित्रावरून नख फिरवा. कारखान्यातल्या कामात प्रत्येक रंगाची कड नखाला वेगळी लागते, आणि नंतर चिकटवलेला स्टिकर मात्र सपाट लागतो.

एक शब्द दुर्मिळतेबद्दल. मिस पॅक-मॅन अमेरिकेत एक लाखाहून अधिक संख्येने विकले गेले, त्यामुळे "चाळीस वर्षांचे जुने आहे" एवढ्यावर कोणी जादा पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. जुनेपणाला भाव येतो तो संख्या कमी असली तर. निन्टेन्डोच्या डाँकी काँगची १९८१ मधली पहिली लाल मशीने ही रेडार स्कोप नावाच्या न खपलेल्या खेळाच्या सुमारे २,००० पेट्या बदलून केलेली होती. ती लाल पेटी दिसली तर संग्राहक वेगळा भाव देतात, नंतर आलेल्या निळ्या पेटीला तो मिळत नाही.

हिशेबनीस (बे एरिया)

मला मशीनच्या आतले फारसे कळत नाही, परंतु दोन मशीने घेतली आहेत आणि एक विकले आहे, म्हणून व्यवहारापुरते लिहितो.

पाया म्हणून तुमच्या वहीतले १,५०० धरा, कारण पाच चांगल्या मशीनांचा तो मधला आकडा आहे. २,४०० कडे पाहू नका. दुकान त्या किमतीत हमी देते, घरपोच करते आणि बिघडले तर माणूस पाठवते. तळघरातला विक्रेता यांतले काहीच देत नाही. ३५० कडेही पाहू नका, कारण ट्यूब नसलेले मशीन ही वेगळीच वस्तू आहे.

मग जे दोष प्रत्यक्ष दिसतील त्यांचा खर्च १,५०० मधून वजा करा. खर्च धरताना नुसत्या सुट्या भागांचे पैसे धरू नका, काम दुसऱ्याकडून करून घेतले तर काय पडेल ते धरा, मग तुम्ही ते स्वतः करणार असलात तरी. तुमचे श्रम विक्रेत्याला फुकट देण्याचे कारण नाही. जो आकडा येईल तो घरीच कागदावर लिहा आणि तो कागद खिशात घेऊन जा. मशीनसमोर उभे राहून ठरवलेला आकडा नेहमी वाढतो. माझ्या पहिल्या खरेदीत असेच ३०० डॉलर जास्त गेले, कारण समोर खेळाचे संगीत वाजत होते आणि मी मनात ते मशीन घरी नेऊन बसवलेही होते.

नुसता खेळ हवा असेल तर २०१८ पासून एलसीडी पडद्याची, पाऊण आकाराची नवी मशीने काहीशे डॉलरांत मिळतात, हे येथे नमूद करून ठेवतो. तुम्हाला ते नको आहे हे पहिल्या पोस्टवरून स्पष्ट आहे, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

रेडिओवेडा (पुणे)

मी व्हॉल्व्हचे जुने रेडिओ गोळा करतो. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरताना मला एक शहाणपण मिळाले, ते येथेही लागू पडेल असे वाटते. रेडिओ वाजतो की नाही हे मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी लाकडी खोका, मग डायलची काच, मग बटणे. व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर मिळतात, फुटलेली डायलची काच मिळत नाही. वाजणारा पण डायल फुटलेला रेडिओ मी मुक्याच्या निम्म्या भावालाही घेत नाही. विक्रेते मात्र भाव सांगतात तो वाजण्यावरून, आणि पाहणाऱ्याला त्याचाच फायदा होतो.

सांजवारा (एडिसन, न्यू जर्सी)

काल ॲलनटाउनला जाऊन आलो. तुम्ही सर्वांनी सांगितले ते क्रमाने तपासले आणि घरी येऊन लगेच लिहायला बसलो आहे.

मशीन थंड होते. सुरू केल्यावर क्षणभर अक्षरांचा कचरा दिसला, मग जाळी, मग गुलाबी चक्रव्यूह. म्हणजे साठ खेळांचा बोर्ड नाही. नाण्यांच्या दारामागची चाचणीची कळ दाबल्यावर पडद्यावर मेमरी ओके असे आले. चाळीस मिनिटे खेळलो. पंचविसाव्या मिनिटाला चित्राची उजवी कड हळूहळू डुलू लागली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. रंग ठीक आहेत, लाल किंचित फिका वाटला.

मागची फळी काढून टॉर्चने पाहिले. कनेक्टरच्या एका टोकाच्या तीन पट्ट्या तपकिरी आहेत आणि त्यांच्यामागचे प्लास्टिक विड्याच्या पानाच्या करपलेल्या कडेसारखे आत वळले आहे. मुख्य बोर्डावर प्रोसेसरच्या जागी एक चपटी केबल घुसवलेली आहे, आणि ती शेजारच्या लहान बोर्डावर जाते. तिथेच प्रोसेसर बसवलेला आहे.

तळाचा डावा मागचा कोपरा मऊ आहे. फुगवटा साधारण माझ्या तळहाताएवढा आहे. बाकीचे तीन कोपरे टणक आहेत.

मग दिवे मालवायला सांगितले. विक्रेते आजोबा सज्जन आहेत, त्यांनी स्वतःच टॉर्च धरला. काचेत चक्रव्यूह दिसला, पुसट पण संपूर्ण. तो पाहताना काहीतरी चुकते आहे असे वाटत होते आणि थोड्या वेळाने कारण ध्यानात आले. मिस पॅक-मॅनच्या पहिल्या चक्रव्यूहात डाव्या-उजव्या कडेला बोगद्यांच्या दोन जोड्या असतात. काचेतल्या चक्रव्यूहात एकच जोडी होती, बरोबर मध्यावर. म्हणजे ही ट्यूब आधी पॅक-मॅन दाखवत होती.

त्यानंतर जुनीपेटीताईंनी सांगितल्याप्रमाणे कडेची पट्टी बाजूला केली. निळ्या रंगाच्या खाली पोपडा आलेल्या जागी पिवळा रंग दिसला, अगदी हळदीसारखा. बाजूची चित्रे नखाला सपाट लागतात. आजोबांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी २००३ साली ते दुसऱ्याकडून असेच घेतले होते, आणि पिवळा रंग पाहून त्यांनाच माझ्याहून अधिक वाईट वाटले. सौदा न बोलता, आठवड्याने कळवतो असे सांगून मी परत आलो.

आता प्रश्न असा आहे की हे मशीन खोटे म्हणायचे का, आणि त्यासाठी किती वजा करायचे?

जुनीपेटी (शिकागो परिसर)

तपासणी इतक्या नीट केल्याबद्दल मनापासून अभिनंदन. बोगद्यांवरून ट्यूब ओळखणे मलाही सुचले नसते.

माझ्या हिशेबाने रूपांतरित मशीनचे निदान ४०० डॉलर वजा व्हायला हवेत. पेटी कारखान्यात ज्या खेळाची म्हणून रंगली तो खेळ आता तिच्यात नाही, आणि जो खेळ आहे त्याची चित्रे मूळची नाहीत. परत पॅक-मॅन करायचे म्हटले तरी निळा रंग देताना खालची पिवळी चित्रे बहुधा घासून टाकलेली असतात. संग्राहक म्हणून मी हे मशीन घेणार नाही.

तांब्याचीतार (पिट्सबर्ग)

ताईंचा मुद्दा पेटीपुरता मान्य आहे. "खोटे" या शब्दाला मात्र माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण या खेळाच्या जन्मातच आहे.

मिस पॅक-मॅन नामकोने बनवला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन नावाची तरुण मुलांची कंपनी होती. चालू मशीनांना जोडायचे सुधारणा-संच ती बनवत असे. मिसाइल कमांड या अटारी कंपनीच्या खेळासाठी केलेल्या संचावरून अटारीने १९८१ मध्ये तिच्यावर दावा लावला, पुढे तो मिटला. त्याच सुमारास या मुलांनी पॅक-मॅनच्या बोर्डाला जोडण्यासाठी क्रेझी ओटो नावाचा संच तयार केला होता. तो त्यांनी मिडवेला दाखवला आणि मिडवेने त्याचाच मिस पॅक-मॅन केला. म्हणून कारखान्यातून निघालेल्या अस्सल मिस पॅक-मॅनमध्येसुद्धा पॅक-मॅनचा मुख्य बोर्ड असतो, त्याच्या प्रोसेसरच्या जागी केबल असते आणि प्रोसेसर शेजारच्या जोडबोर्डावर असतो. सांजवारा यांनी जे पाहिले ते नेमके हेच आहे. पॅक-मॅनवर चढवलेला खेळ हीच त्याची मूळ घडण आहे.

ट्यूबबद्दलही असेच म्हणेन. पॅक-मॅनचा डाग असलेली ट्यूब पॅक-मॅनच्याच पेटीत आहे, म्हणजे ती बहुधा पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. पार्श्वभूमी काळी असल्यामुळे खेळताना तो पुसट डाग नजरेला येणार नाही. ट्यूबसाठी मी काही वजा करणार नाही. रंगवलेल्या पेटीसाठी २५० करेन.

सांजवारा (एडिसन, न्यू जर्सी)

दोन्ही बाजू पटल्या, तरी आकडा एकच लिहावा लागतो. मला हे मशीन खेळायचे आहे, म्हणून तांब्याचीतार यांचे २५० घेतो. माझा कागद असा झाला आहे :

पाया १,५००. त्यातून पेटीचे २५०, मॉनिटरच्या चॅसिसचे १५०, कनेक्टरचे १२०, फुगलेल्या कोपऱ्याचे ६०, आणि मशीन एडिसनला आणण्यासाठी ट्रक व ढकलगाडीचे भाडे ११०. एकूण वजा ६९०, उरले ८१०. मशीनचे वजन अडीचशे पौंडांच्या वर असल्यामुळे भावाला मदतीला बोलावले आहे, त्याचे काही धरलेले नाही.

हिशेबनीस (बे एरिया)

कागद सुरेख आहे, पण त्यात एक चूक आहे आणि ती तुमच्या फायद्याची असली तरी दाखवायला हवी. वाहतुकीचे ११० वजा करू नका. वहीतली ती पाच मशीने ज्यांनी घेतली त्यांनीही ती स्वतःच्या खर्चाने उचलून नेली असणार, म्हणजे १,५०० हा भाव आधीच वाहतूक वगळून आहे. तोच खर्च दुसऱ्यांदा वजा केला तर आजोबांवर अन्याय होतो.

हीच कसोटी मॉनिटरलाही लावून पाहा. त्या पाचांपैकी बहुतेकांच्या मॉनिटरचे काम झालेले नसेल, तर तेही दीडशे वजा करता येणार नाहीत.

दुसरे, पेटीचे २५० मला कमी वाटतात. आज विकायचे मनात नसले तरी पुढे कधी विकावे लागेल आणि तेव्हा समोर जुनीपेटीताईंसारखे गिऱ्हाईक असेल. पण तो तुमचा निर्णय आहे.

सांजवारा (एडिसन, न्यू जर्सी)

वाहतुकीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. वही पुन्हा उघडली. पाचांपैकी तिघांच्या वर्णनात मॉनिटरचे कपॅसिटर बदलल्याचे लिहिले आहे, त्यांत १,५०० चे मशीनही आहे, म्हणून ते दीडशे तसेच ठेवतो. वाहतूक काढली की आकडा ९२० होतो.

आता बायकोच्या प्रश्नाकडे येतो. ठाण्यासाठी मी ८० डॉलर वेगळे लिहिले आहेत आणि कागदावर त्यापुढे "ठाणे" असेच लिहिले आहे. म्हणजे वरची मर्यादा १,०००. तिला कागद दाखवला. "वेगळे लिहिलेस ना, मग चालेल," म्हणाली. उद्या आजोबांना दूरध्वनी करतो.

सांजवारा (एडिसन, न्यू जर्सी)

अकरा दिवसांनी लिहितो आहे.

आजोबांना मी भाव पाडून मागितला नाही, कागदच वाचून दाखवला. कुठल्या दोषाचे किती धरले, का धरले, आणि वाहतुकीचे आधी धरून मग का काढले, हेही सांगितले. माझा प्रस्ताव ९०० चा होता. त्यांनी १,४०० म्हटले आणि मी आभार मानून थांबलो. चार दिवसांनी त्यांनी स्वतःहून १,१०० म्हटले. मी म्हटले की माझ्या कागदावर वरचा आकडा १,००० आहे आणि तो मी घरी लिहिलेला आहे. आणखी तीन दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. दुसरा एक जण १,२०० म्हणून गेला आणि परत आलाच नाही, तेव्हा ९७५ ला घेऊन जा, असे म्हणाले. शनिवारी रोख दिले. त्यांनी नाण्यांच्या दाराच्या दोन्ही किल्ल्या दिल्या आणि २००३ पासून जपलेले वायरिंगचे आकृतिपत्रकही दिले. माझ्या हिशेबात त्याची नोंदच नव्हती.

तळघराचा जिना चढवताना मागचा मऊ कोपरा थोडा आणखी झिजला. तो भाग कापून तिथे प्लायवूडचा तुकडा बसवायचे ठरले आहे.

तांब्याचीतार (पिट्सबर्ग)

भाव योग्य पडला. कनेक्टर बदलेपर्यंत एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त चालवू नका. नवा कनेक्टर लावताना बोर्डाकडच्या पट्ट्याही साफ करून त्यांच्यावर कथिलाचा पातळ थर द्या, नाहीतर नवा कनेक्टरही तसाच करपेल. काम झाल्यावर बोर्डावरचा दाब मोजा. पाच व्होल्टच्या जवळ यायला हवा.

जुनीपेटी (शिकागो परिसर)

पट्टीखाली पिवळा रंग जिथे शाबूत आहे तेवढा भाग घासू नका, तसाच राहू द्या. पुढे कोणाला पेटीचा मूळ इतिहास पाहायचा असेल तर तो तिथेच दिसेल.

सांजवारा (एडिसन, न्यू जर्सी)

दोन्ही सूचना पाळतो. कनेक्टर काल मागवला. पिवळ्या रंगाचा फोटो काढून वहीत लावला आहे आणि त्याच्याखाली शेवटची नोंद अशी केली आहे : मशीनचे ९२०, ठाण्याचे ५५.